चौदा-अ

तीन खोल्यांचं संग्रहालय, आता पाच होणार.
सांदवाडीकडच्या गोठ्याची जमीन उकरून
रायभान मिस्त्रीनं फरशी बसवली.
गव्हाणी मी राहू दिल्या,
नाण्यांच्या पेट्या बसतील म्हटलं त्यांत.
मालगुजारांचे पणतू शेखरराव, त्यांनी नागपुरातून
छपराचे पत्रे पाठवले, आणि पणजोबांचा फोटो,
मोठा केलेला,
दर्शनी लावावा अशा सूचनेसह.

चिठ्ठ्या मी लिहिते.
शाळेतून निवृत्त झाले, अक्षर बरं आहे,
म्हणून ग्रामपंचायतीनं किल्ली दिली, त्याला अकरा वर्षं झाली.
पानदान, पितळी.
नाटकाचा पडदा, राजवाडा, एक बुरूज उंदरांनी खाल्लेला.
तळ्याच्या पाळीचा नकाशा, कापडावर.
दोन ओळींत बसवायचं. तिसरी कोणी वाचत नाही.

जागा नव्हती, तेव्हा जोडीतलं एकच मांडायचं
असा नियम होता, माझाच.
दुसरं माडीवर, पोत्यात.
रजिस्टरला शेरा: वरीलप्रमाणेच.
समई, वरीलप्रमाणेच.
सरोता, वरीलप्रमाणेच.
चौदा: पायली, लाकडी, पितळी कडं, धान मोजण्याचे माप.
चौदा-अ: वरीलप्रमाणेच.

नववीच्या पोट्ट्यांनी पोती खाली उतरवली
त्या दुपारी मी जेवायला घरी गेले होते.
परत येते तर
रायभानचा हाताखालचा पोरगा चौदाच्या पायलीनं रेती
आणि चौदा-अनं सिमेंट मोजतोय.
मी ओरडले. वस्तू आहेत त्या, वस्तू!
रायभान थापी पुसत शांतपणे म्हणाला,
माल जमून नाही राहिला, मॅडम.
ह्या दोन एक नाहीत जी.

एक नाहीत कशा? मीच नोंद केलेली.

फुलवंता मेश्राम घमेलं घेऊन उभी होती.
तिनं पदरानं दोन्ही झटकल्या,
शेजारून सूपभर लुचई मागून आणली,
चौदा शिगोशीग भरली
आणि चौदा-अमध्ये ओतली.
धान वर आलं, काठावर थांबलं,
मग चहूकडून सांडलं नव्या फरशीवर.
उरलं ते तिनं हातानं मोजलं. अडीच मुठी.

एक घ्याची, एक द्याची, ती म्हणाली.
आमच्या घरी सांगत. आमाले वाटे,
भूक लागली म्हणून सांगतात.

कोणी काही बोललं नाही.
पोरगा रेतीत बोट फिरवत बसला.
किती हंगाम, किती घरं, पाळ बांधायला किती वर्षं,
मी गणिताची बाई, मनात मांडलं,
अर्ध्यावर सोडून दिलं.
आणि काचेत इतकी वर्षं
घ्यायची होती. दर रविवारी मी तिचं कडं चिंचेनं उजळायची.
द्यायची पोत्यात होती.

शेखररावांचा फोन आला. कळलं होतं त्यांना.
चिठ्ठीत काय लिहिताय?
म्हटलं, दोन ओळींत बसत नाहीये.
ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं,
पत्रे गळत नाहीत ना?
नाही, म्हटलं. चांगले आहेत.

आता गव्हाणीत धान असतं.
वर दोन्ही पायल्या, काच नाही,
चिठ्ठीही नाही.
'हात लावू नये'ची पाटी मी त्या खोलीतून काढली.
सहलीची पोरं येतात, भरतात, ओततात,
सांडलं की एकमेकांकडे बघतात,
पुन्हा भरतात, आपलंच काही चुकलं असेल म्हणून.
फोटो भिंतीवर आहे. समोरच आहे.
संध्याकाळी मी झाडते. अडीच मुठी
कधी तीन भरतात, कोंबड्या दारात वाट बघतात.

परवा हिशेब तपासणारे साहेब आले,
खर्चाच्या वहीत एका ओळीवर पेन ठेवून थांबले:
धान, दर महिन्याला दोन किलो, सांडण्यासाठी.
सांडण्यासाठी म्हणजे?

या, म्हटलं. चपला बाहेर काढा.
फरशी नवीन आहे.